होडीच्या बुडाची तोटी

हॉलंडमध्ये राहायचे तर नियमांचे वावडे असून चालत नाही. मोटारीला ठरावीक मुदतीने तपासणी, रात्री सायकलीला दिवा नसला तर दंड, आणि १ जुलै २०२२ पासून तर घराच्या प्रत्येक मजल्यावर धुराचा भोंगा सक्तीचा. पण इतक्या शिस्तीच्या या देशात एक वस्तू अजून बरीच मोकाट आहे. ती म्हणजे आपली खाजगी शिडाची होडी. लांबी पंधरा मीटरच्या आत असावी आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा जोरात पळू नये, एवढे सांभाळले की चालवायला परवाना लागत नाही, होडीला तपासणी नाही आणि विमासुद्धा कायद्याने सक्तीचा नाही. पन्नास वर्षांची होडी आज विकत घ्यावी आणि उद्या बायकामुलांसह मार्करमेअरच्या पाण्यात घालावी, सरकार काही विचारायचे नाही.

विचारतो तो विमेवाला. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा प्रपंच.

आधी आमचा ठावठिकाणा. आम्ही डीमनला राहतो. आपली बहुतेक मराठी मंडळी आम्स्टलव्हेनची, त्यांना डीमन म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून मागे पडणारे एक स्टेशन. पण १९ नंबरच्या ट्रॅमने शेवटपर्यंत आलात तर आमच्या गावात उतराल. विम्याशी या गावाचे नातेही जुळते, कारण देशाच्या आरोग्यविम्यात कशाचा समावेश असावा यावर सरकारला सल्ला देणारी संस्था आमच्याच गावात आहे. आणि कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक: १६३६ पासून १६४५ पर्यंत डचांचा पूर्वेकडचा गव्हर्नर जनरल असलेला, दरसाल गोव्याच्या तोंडाशी आरमार पाठवून पोर्तुगीजांची कोंडी करणारा आणि ज्याच्या अमदानीत वेंगुर्ल्याला डच वखार आली तो आन्टोनी व्हान डीमन. आडनावापुरता का होईना, तो आमच्या गावाचा! असो.

आमची होडी १९७८ सालची, साडेआठ मीटर लांब, फायबरग्लासची. डेल्फ्टला एम.एस्सी. करत असताना एका डच मित्राने आम्हाला शीड धरायला शिकवले, ते वेड मनात राहून गेले आणि २०१७ मध्ये साडेनऊ हजार युरोंना ही म्हातारी घरात आली. घरात म्हणजे मौडनजवळच्या एका लहानशा बंदरात. डीमरझेडाइकच्या जुन्या बंधाऱ्यावरून सायकल मारली की अर्ध्या तासात पोचतो. होडीचा आराखडा झानडमच्या व्हान द स्टाट यांच्या कचेरीतला. दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून ऑगस्ट २००९ ते मे २०१० एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधली खरी, पण तिचाही आराखडा याच कचेरीचा. म्हणजे आमची म्हातारी ही 'म्हादेई'ची लांबची आत्या. हे आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. सौ.च्या मते, त्याने कोट काढायच्या आत सांगतो.

तर २०२४ च्या नोव्हेंबरात विमा कंपनीचे पत्र आले. आपल्या नौकेचे वय लक्षात घेता विमा पुढे चालू ठेवण्यासाठी खालील गोष्टींची पूर्तता करावी. होडी पाण्याबाहेर काढून मान्यताप्राप्त तपासनिसाचा अहवाल. डोलकाठीचे तारेचे ताण पंधरा वर्षांहून जुने असल्यास सगळे नवे. गॅसची नळी आणि रेग्युलेटर बदलून जोडणीची चाचणी. पाण्याच्या पातळीखालच्या सर्व तोट्यांची तपासणी, गरज पडल्यास बदल. तळातले पाणी आपोआप उपसणारा पंप, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा, अग्निशामक, बॅटरीला मुख्य बटण, किनाऱ्यावरून वीज घेत असल्यास तिला गळती ओळखणारे बटण. मुदत एप्रिलअखेर. का, कशासाठी, एका अक्षराने नाही.

आम्ही बेरीज केली. चार हजार आठशे युरो. होडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त!

"विकून टाका," असे सौ. म्हणेल अशी आमची अटकळ होती. ती म्हणाली, "अहो, यातलं नको असलेलं नेमकं काय आहे ते मला सांगा." हिशेबखात्यात काम करणाऱ्या बाईशी संसार केला की असे प्रश्न येतात.

दुसरा मार्ग होता. बंदराला फक्त तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा लागतो. आपली होडी दुसऱ्यावर आदळली तर भरपाई, एवढाच. तो स्वस्त असतो आणि त्यात प्रश्न कमी. पुष्कळ जुन्या होड्यांचे मालक तोच घेतात. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. याद्या कडक होत गेल्या की ज्याच्याजवळ पैसा नाही तो होडी दुरुस्त करत नाही, तो विम्यातून बाहेर पडतो, आणि पुढे कधीतरी ती होडी कुठल्यातरी कालव्याच्या कडेला बेवारशी सोडून देतो. इथे अशा होड्यांना 'अनाथ होड्या' म्हणतात आणि त्या उचलायचा खर्च शेवटी गावाच्या माथी येतो. विमा कंपन्यांच्या हिशेबात हा आकडा कुठेच नसतो, हे आमचे स्पष्ट मत आहे.

पण आमच्यापुढे जूनचा बेत होता. आई-बाबा येणार होते आणि त्यांना घेऊन, लेकीला पुढच्या बिछान्यात झोपवून, तीन रात्री होडीवर राहत होर्न आणि एन्कहाउझनला जायचे ठरत होते. ठरत होते म्हणजे बाबा तयार होते. आईचे माहेर अलिबाग तालुक्यातले. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आईचा तेव्हा जन्मही नव्हता, पण आजीच्या माहेरचे दोघे त्यात होते. त्या घरात पुढे कितीतरी वर्षे पावसाळ्यात बोटीने मुंबईला जायचे नाव कुणी काढत नसे. त्यात १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. ती बातमी पाहून आईने फोन केला. "तिथे आता लाइफ जॅकेट सक्तीची केली म्हणे. म्हणजे कालपर्यंत नव्हती. तुझ्याकडे कोण सक्ती करतं रे?"

आम्ही म्हटले, विमा कंपनी.

"तिला आपल्या जिवाची एवढी काळजी कशापायी?"

जिवाची नाही, पैशाची. हा धंदाच तसा जुना. अ‍ॅमस्टरडॅममध्ये सागरी विम्याचे तंटे सोडवायला १५९८ सालीच स्वतंत्र कचेरी निघाली होती. आपल्याकडच्या पेढ्यांवर जोखमी हुंडी असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे, गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. असा पैसा लावणारा माणूस तांडेल कोण आणि गलबत किती जुने हे विचारल्याशिवाय राहील का? उलटही घडले आहे. इंग्लंडमध्ये कुजकी जहाजे भरमसाट विमा उतरवून समुद्रात लोटली जात, बुडाले तरी मालकाचा फायदाच. सॅम्युअल प्लिमसॉल त्याविरुद्ध भांडला तेव्हा कुठे १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची रेघ आली. म्हणजे विमा माणसाला सावध करतो तसा बेफिकीरही करतो. कुठले होणार ते विमेवाला किती खोलात विचारतो त्यावर आहे.

आणि जुन्या होडीला विचारणारे दुसरे कोणीच नाही. जून १९९८ पासून युरोपात बांधलेल्या नव्या होडीला सीईची पाटी लागते, तिच्यासाठी गॅस, वीज, इंधन सगळ्याचे मापदंड आहेत. आधीची प्रजा त्यातून सुटली. आमची म्हातारी त्या पाटीहून वीस वर्षांनी मोठी.

मग आम्ही यादी घेऊन बसलो, इंजिनिअरच्या पद्धतीने. प्रत्येक ओळीपुढे 'हे मोडले तर काय होईल' असे लिहीत गेलो.

गॅसचे सोपे होते. आपल्याकडे सिलिंडरची ती नारिंगी नळी पाच वर्षांनी बदला म्हणून सांगतात आणि आपण तिच्यावरची तारीख कधी वाचत नाही. घरात ते बरेचसे खपून जाते, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि दाराच्या फटीतून तो बाहेर तरी पडतो. होडीला खाली फट नसते. असली तर ती बुडेल! होडी म्हणजे पाण्यावर ठेवलेले पातेले. रात्रभर गळलेला गॅस तळात साचतो, वास नाकापर्यंत येत नाही, आणि सकाळी चहासाठी काडी ओढली की संपले. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक असावे लागते. आमच्या होडीत ते भोक होते. नळीवरची तारीख २००९ ची होती. २०१७ मध्ये खरेदीच्या कागदांत 'गॅस तपासला' असे लिहिलेले होते. कुणी, कधी, कसा, ते लिहिले नव्हते.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. मे महिन्यातल्या थंड रात्री झडपा बंद करून हीटर लावून झोपणाऱ्यांची ही गोष्ट. घरांच्या बाबतीत इथल्या सुरक्षा मंडळाने २०१५ साली अहवाल दिला आणि त्यातून एप्रिल २०२३ पासून गॅसच्या बॉयलरला प्रमाणित कंपनीशिवाय हात लावता येत नाही. होडीतला भोंगा चाळीस युरोंना मिळाला. लेक जिथे झोपते तिथे, तिच्या उशाच्या उंचीवर लावला. यावर वाद घालायला जागाच नव्हती.

विजेच्या बटणाची गंमत सांगण्यासारखी आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात गळती झालेली वीज पोहणाऱ्याला जास्त घातक, कारण खारे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक असते आणि वीज माणसाला टाळून जाते. गोड्या पाण्यात शरीरच जवळची वाट ठरते. १९३२ साली समुद्र बंधाऱ्याने अडवल्यापासून आमचे आयमेअर गोडे. उन्हाळ्यात मुले धक्क्यावरून उड्या मारतात ते याच पाण्यात. तेही बटण बसले.

अडले ते डोलकाठीच्या ताणांपाशी. मांडवाच्या खांबाला दोर ताणतात तसे डोलकाठीला चहूबाजूंनी स्टीलचे ताण असतात. ते पंधरा वर्षांनी बदलाच, असे कंपनी म्हणते. आम्ही लिहिले की धातूचा थकवा कॅलेंडरावर अवलंबून नसतो. तो किती वेळा ताण आला आणि सुटला यावर असतो, खाऱ्या हवेवर असतो. ही होडी गोड्या तळ्यात वर्षाला तीसेक दिवस फिरते. तपासून द्यायची तयारी आहे, सरसकट बदल कशाला? अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत निघाला तेव्हा त्याची 'थुरिया' जेमतेम वर्षाची होती. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला तिची डोलकाठी गेली आणि त्याची पाठ मोडली. उलट मुंबईत सागवानात बांधलेल्या 'सुहेली'ने साठी ओलांडली. वय हे एकच माप धरणे म्हणजे आळस, असे आम्ही सभ्य डच भाषेत कळवले.

उत्तर आले: आपले म्हणणे समजले, अट कायम आहे.

तेव्हा चीड आली. पण त्याच आठवड्यात जुने अहवाल चाळताना 'अमिसिटिया' वाचनात आली. २१ ऑगस्ट २०१६ ला हार्लिंगनच्या बंदरात शिरताना या शतकाहून जुन्या शिडाच्या जहाजाची लाकडी डोलकाठी मोडून कोसळली आणि तीन जर्मन प्रवासी ठार झाले. लाकूड आतून कुजले होते. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये 'रिसिको' नावाच्या तशाच एका जहाजावर शिडाची आडवी काठी मोडून शाळेच्या सहलीतली बारा वर्षांची मुलगी गेली. ही प्रवासी जहाजे, म्हणजे यांना प्रमाणपत्र असते, तपासणी असते, आपल्यासारखी मोकाट नव्हेत. तरी कूज दिसली नाही, कारण ती रंगाखाली होती. स्टीलच्या तारेचेही तेच. ती तुटते ती टोकाच्या दाबून बसवलेल्या नळीच्या आत, जिथे ओल जाते आणि डोळा जात नाही. आम्ही 'तपासून देतो' म्हणत होतो खरे, पण तो आतला एक इंच कापल्याशिवाय कशाने तपासणार होतो? ताण बदलले. जुने कापून पाहिले तर आत लख्ख होते. अजून दहा वर्षे सहज गेले असते. त्यातला एक सध्या आमच्या मागच्या अंगणात आहे, सौ. त्यावर चादरी वाळत घालते. इतकी भक्कम दोरी साऱ्या डीमनमध्ये कुणाकडे नसेल.

फेब्रुवारीत तपासनीस आला. सत्तरीकडे झुकलेला, लाकडी दांड्याची छोटी हातोडी घेऊन. होडी जमिनीवर ठोकळ्यांवर उभी होती. त्याने सगळे बूड बोटाच्या अंतराने ठोकत ऐकले. कुंभाराकडे माठ घेताना आपण वाजवून घेतो, अगदी तस्से. फायबरग्लास ठणठणीत होता. मग तो आत शिरला, संडासामागच्या कोपऱ्यात आडवा झाला आणि बुडाच्या तोट्यांवर हातोडी मारू लागला. पहिली टणकन वाजली. दुसरी टणकन वाजली. तिसरी 'थप्प' म्हणाली. त्याने ती हाताने धरली आणि किंचित पिळली. जोर लावला नाही, बरणीचे झाकण उघडावे तेवढेच. तोटी त्याच्या हातात आली.

"ही मी मोडली नाही," तो म्हणाला. "ती आधीच मोडलेली होती. मी फक्त उचलली."

तोटी पितळेची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आपल्या आज्या पितळेच्या भांड्याला कल्हई लावल्याशिवाय त्यात आंबट ठेवत नसत, त्याचे कारण त्यांना ठाऊक होते. समुद्राच्या पाण्यात, त्यातून कुठे थोडी वीज गळत असेल तर जास्तच, पितळातले जस्त विरघळून निघून जाते आणि मागे उरते ते तांब्याचे स्पंजासारखे सच्छिद्र हाड. आकार तोच, आटे तेच, वर रंगही तोच. आमच्या होडीच्या पहिल्या मालकाने ती वीस वर्षे झीलंडच्या खाऱ्या पाण्यात ठेवली होती, तेव्हाचे ते दुखणे.

घरी येऊन गणित केले. भोक अडतीस मिलिमीटरचे, पाण्याखाली चाळीस सेंटिमीटर. मिनिटाला शंभराहून जास्त लिटर, म्हणजे सात-आठ बादल्या. हातपंप त्याच्या निम्मेही उपसत नाही. आणि हे रात्री होणार, कारण तोटी संडासाची, ती उघडायला माणूस झोपेतून उठून जाणार, अंधारात, अर्धवट जागा. आम्ही कागद सौ.समोर ठेवला. तिने वाचला आणि काही न बोलता चार हजार आठशेच्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली.

एकाच पत्रातल्या दोन ओळी. एक विनाकारण दोन हजारांना पडली, दुसरी आठवडाभर झोप उडवून गेली. कुठली कुठली, हे नोव्हेंबरात आम्हाला कुणी विचारले असते तर आम्ही छातीठोकपणे उलटे सांगितले असते की नसते, कोण जाणे. कंपनीलाही ते माहीत नव्हते. तिला एवढेच माहीत होते की अशा वयाच्या होड्यांतून कुठले कागद भरपाईसाठी तिच्याकडे येतात. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाची तरी बुडालेली होडी, फक्त नाव खोडलेले. हे जर पत्रात दोन वाक्यांत लिहिले असते तर निम्मे मालक न भांडता कामाला लागले असते. पण हप्ता मात्र पूर्तता झाल्यावरही एका युरोने उतरला नाही, हेही नमूद करून ठेवतो.

जूनमध्ये आई-बाबा आले. एन्कहाउझनची सहल झाली, वारा बेताचा होता, बाबांनी सुकाणू धरले आणि सोडायला तयार होईनात. आईने लाइफ जॅकेट झोपतानाही उशाशी ठेवले.

परत आल्यावर एका दुपारी तिला आमच्या टेबलावर ती मोडकी तोटी दिसली. पूजेची भांडी घासायला चिंच भिजवलेली होतीच, तिने तीही घासायला घेतली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली.

"अरे, हे पितळ म्हणालास ना? बघ, समई पिवळी निघाली आणि हे लाल निघतंय."

आम्ही सगळे समजावून सांगितले. जस्त, तांबे, खारे पाणी, सगळे. तिने तोटी समईशेजारी ठेवून दोन्ही उजेडात पाहिल्या.

"मग आता बसवल्यास त्या कशाच्या आहेत?"

"ब्राँझच्या."

"कुणी सांगितलं?"

"दुकानदाराने."

"लिहून दिलंय?"

आम्ही फाइल काढून बिल दाखवले. आईने चष्मा लावला. बिल डचमध्ये होते, म्हणून मग नातीला बोलावून तिने ते ओळीने वाचून घेतले.